कॉर्डलेस हॅमर ड्रिल: वायर गेली, धोका गेला नाही



गणपती आणि दिवाळीच्या आधीच्या दिवसांत माझ्या दवाखान्यात एक ठरावीक पेशंट येतो. एक डोळा लाल, हातात रुमाल आणि पहिलंच वाक्य, "डॉक्टर, विशेष काही नाही, डोळ्यात जरा कचरा गेलाय."

मी विचारतो, "काय करत होतात?"

"पडद्याचा रॉड लावत होतो. भिंतीला दोन होल मारायची होती."

पूर्वी हे उत्तर सुताराकडून किंवा वायरमनकडून यायचं. आता ते बँकेतल्या नोकरदाराकडून येतं, शिक्षकाकडून येतं, निवृत्त काकांकडूनही येतं. बॅटरीवर चालणारं ड्रिल मशीन ऑनलाइन सहज मिळतं, दिसायला सुबक असतं आणि एका हातात मावतं. लॉकडाऊनच्या काळात मीही एक घेतलं. तेव्हा आजचा लेख उपदेश म्हणून नव्हे, तर चुका करून शिकलेल्या माणसाचं मत म्हणून वाचा.

एका पेशंटची गोष्ट सांगतो. चाळिशीतला दुकानदार. दुकानात फळी लावताना ड्रिलचं बिट भिंतीतल्या लोखंडी सळईवर आपटलं. डोळ्यात बारीकसं टोचल्यासारखं वाटलं, पण त्रास फारसा नव्हता. त्यांनी डोळा धुतला, मेडिकलमधून विचारून ड्रॉप आणले, दोन दिवस घातले. लाली कमी झाली. तिसऱ्या दिवशी त्या डोळ्याने धूसर दिसायला लागलं, म्हणून माझ्याकडे आले. ड्रॉपमध्ये स्टेरॉइड होतं. लाली त्याने कमी केली होती, आजार नाही. मी त्यांना त्याच तासाला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. धातूचा कण बुबुळ भेदून डोळ्याच्या आत गेला होता. ऑपरेशन झालं, डोळा वाचला, पण नजर पूर्वीसारखी झाली नाही.

त्यांच्याकडे ड्रिल होतं, वेगवेगळ्या मापांची बिट होती, जादा बॅटरीही होती. नव्हता तो फक्त डोळ्यांवर घालायचा साधा सेफ्टी गॉगल.

माझं मत अगदी थोडक्यात असं: ज्या घरात सेफ्टी गॉगल, कानातले प्लग आणि एन-९५ मास्क नाही, त्या घरातलं ड्रिल मशीन अर्धवट आहे. या तीन वस्तूंचा मिळून खर्च ड्रिलच्या किमतीच्या तुलनेत किरकोळ आहे. पण आपण मशीन घेतो आणि या वस्तू विसरतो. याचं मोठं कारण म्हणजे मशीनला वायर नाही. वायर दिसली की आपण आपोआप जपून वागतो. वायर गेली आणि तिच्याबरोबर आपली भीतीही गेली.

हॅमर ड्रिल नेमकं काय करतं?

साधं ड्रिल बिट फक्त फिरवतं. हॅमर ड्रिल ते फिरवतं आणि त्याच वेळी पुढे ठोकतंही. आत दातेरी चकत्या असतात. त्या एकमेकींवरून घसरताना बिटला बारीक बारीक ठोके बसतात. अनेक बॅटरी मशीनमध्ये हे ठोके मिनिटाला २५ हजारांच्या वर जातात. म्हणूनच विटेत आणि सिमेंटमध्ये भोक पडतं. तुम्ही जोर लावल्यामुळे नाही. पुष्कळ लोक मशीनच्या मागे छाती किंवा पोट टेकवून दाबतात, ते करू नका. बिट तुटलं किंवा घसरलं, तर तुमचा सगळा तोल पुढे जातो.

हॅमर मोड वीट, सिमेंट आणि दगड यांच्यासाठीच आहे. लाकूड, पत्रा, प्लास्टिक यांना साधा मोड वापरा. टाइलवर सुरुवात साध्या मोडनेच आणि टाइलच्या बिटने करा. टाइल पार झाल्यावर हॅमर मोड लावा. नाहीतर टाइल तडकते आणि तिच्या कपच्या काचेसारख्या उडतात.

डोळा: एक क्षण पुरतो

"दोन भोकांसाठी कोण गॉगल घालतं?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. प्रश्न चुकीचा नाही. रोजचं काम असेल तर काळजी जास्त आणि एकदाचं काम असेल तर कमी, असं वाटणं साहजिक आहे. कान आणि फुफ्फुसाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. डोळ्याच्या बाबतीत मात्र हा हिशोब चालत नाही. कपची पहिल्या भोकालाही उडू शकते आणि नुकसान व्हायला एकच पुरते.

नंबरचा चष्मा म्हणजे सेफ्टी गॉगल नव्हे. तो बाजूने आणि वरून उघडा असतो. वर हात करून भोक पाडताना तर धूळ सरळ त्या फटीतूनच आत पडते. गॉगल बाजूने बंद असलेला घ्या. त्यावर 'ईएन १६६' किंवा 'झेड ८७' असं मानक छापलेलं असतं, ते बघून घ्या. नंबरच्या चष्म्यावरून घालता येतील असेही गॉगल मिळतात. शेजारी उभं राहून शिडी धरणाऱ्यालाही गॉगल हवा, हे लक्षात ठेवा.

कान: काही मिनिटांचा हिशोब

भिंतीत चालणाऱ्या हॅमर ड्रिलचा आवाज साधारण १०० डेसिबलच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त असतो. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या 'नायॉश' या अमेरिकी सरकारी संस्थेचा हिशोब असा आहे: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालेल. त्यानंतर दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. या हिशोबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात.

पडद्याच्या रॉडसाठी चार भोकं पाडायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्याने कान जाणार नाही. पण नव्या घरात आपण एकदा सुरुवात केली की थांबत नाही. मी स्वतः एका रविवारी दिवसभर फळ्या, आरसे आणि खुंट्या लावल्या, त्यातल्या बऱ्याचशा बंद बाथरूममध्ये. संध्याकाळी बायको दोन वेळा हाक मारत होती आणि माझ्या कानात नुसता शिट्टीसारखा आवाज. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. पण ती शिट्टी म्हणजे आतल्या कानातल्या नाजूक पेशींनी दिलेली सूचना होती. या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कापसाचा बोळा यावर उपाय नाही. फोमचे इअरप्लग बोटांनी वळून बारीक करा, कानात घाला आणि फुगेपर्यंत धरून ठेवा.

फुफ्फुस: वर्षांचा हिशोब

भिंतीतून निघणाऱ्या धुळीत वाळू असते आणि वाळूत सिलिका. जी धूळ दिसते, ती बहुतेक नाकात आणि घशात अडकते. जी दिसत नाही, ती फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जाते. वर्षानुवर्षं ती जात राहिली की फुफ्फुस आतून कडक होत जातं. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारं औषध नाही. सिलिकोसिस झालेल्याला टीबी होण्याचा धोकाही बराच वाढतो. हवेतून श्वासात जाणारी ही सिलिका कॅन्सरकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९७ मध्येच जाहीर केलंय.

वर्षातून चार भोकं पाडणाऱ्याला सिलिकोसिस होत नाही, हेही स्पष्ट सांगतो. पण दमा, सीओपीडी किंवा ॲलर्जी असेल तर तेवढ्या धुळीनेही त्रास उसळू शकतो. रुमाल बांधून किंवा साधा सर्जिकल मास्क लावून बारीक धूळ अडत नाही. एन-९५ लावा. भोकाच्या खाली भिंतीला कागदाचं जुनं पाकीट चिकटपट्टीने उघडं लावा, बरीच धूळ त्यातच पडते. काम झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. त्या वेळी लहान मुलं आणि दम्याचे पेशंट दुसऱ्या खोलीत असू द्या.

दोन गोष्टी मात्र घरच्या ड्रिलने करूच नका. एक, छपराच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांना भोक पाडणं. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि भोक पाडताना त्याचे तंतू हवेत उडतात. दुसरी, जुन्या घरातला रंगाचा जाड थर कोरडा खरवडणं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये आले. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे.

हात, मनगट आणि भिंतीतली वीज

बिट सळईत अडकलं तर ते फिरायचं थांबतं आणि मशीन फिरायला लागतं. तुमच्या मनगटासकट. मनगट मुरगळणं, अंगठा दुखावणं, कधी हाड मोडणं हे यातूनच होतं. बऱ्याच मशीनमध्ये क्लच असतो, पण हॅमर मोडमध्ये अनेक मशीनचा क्लच काम करत नाही. म्हणून मशीनबरोबर आलेलं बाजूचं हँडल पेटीत ठेवू नका, लावा. दोन्ही पाय जमिनीवर, दोन्ही हात मशीनवर. प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून एका हाताने भोक पाडणं म्हणजे पडण्याची तयारी. शिडी किंवा घोडा वापरा आणि कोणाला तरी धरायला सांगा.

सैल बाही, ओढणी, पदर, लांब मंगळसूत्र, मोकळे केस यांतलं काहीही फिरत्या चकजवळ नको. अंगठी काढा. सैल कापडी हातमोजेही नकोत, ते चकमध्ये गुंडाळले जातात आणि बोट ओढलं जातं. बिट बदलताना बॅटरी आधी काढा. आणि नुकतंच भोक पाडलेलं बिट हाताने धरू नका, चटका बसेल इतकं ते तापलेलं असतं.

आता विजेबद्दल. मशीनची बॅटरी १८-२० व्होल्टची असली तरी भिंतीत २३० व्होल्टची वायर आहे. बिट त्या वायरला लागलं, तर मशीनचा पुढचा धातूचा भाग जिवंत होतो. स्विचबोर्डच्या, प्लगच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच रेषेत आडवं कधीही भोक पाडू नका. वायरी बहुधा तिथूनच गेलेल्या असतात. नळाच्या आणि गिझरच्या रेषेतही तसंच. पाइप गॅस असेल तर गॅसची लाइन कुठून जाते, ते आधी बघा.

इथे कॉर्डलेसचा एक मोठा फायदा आहे, जो कोणी वापरत नाही. हे मशीन चालवायला घरातली वीज लागत नाही. मग दिवसाच्या उजेडात मेन स्विच बंद करा आणि भोक पाडा. वायर लागली तरी शॉकचा धोका बराच कमी होतो. वायरवाल्या मशीनला हे शक्यच नव्हतं.

बॅटरीबद्दलही थोडं. फुगलेली, तडकलेली, पाण्यात पडलेली बॅटरी चार्ज करू नका. चार्जर त्याच कंपनीचा वापरा. रात्री झोपताना, गादीवर किंवा दाराजवळच्या वाटेवर चार्जिंगला लावू नका. सुटी बॅटरी खिळ्यांच्या डब्यात टाकू नका. बॅटरीतून धूर आला तर ती उचलायला जाऊ नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. आणि काम संपलं की बॅटरी काढून वेगळी ठेवा. मशीनचा आकार पिस्तुलासारखा असतो. मुलांना ते खेळणंच वाटतं.

कोणी हे काम करू नये?

चक्कर येण्याचा त्रास असेल, फिट येत असतील, झोप येणारं औषध घेतलं असेल (सर्दीच्या गोळ्या, खोकल्याची काही औषधंसुद्धा) किंवा दारू घेतली असेल, तर ड्रिल हातात घेऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर छोटी जखमही जास्त वाहते. मधुमेहात जखम चिघळते. पेसमेकर असेल तर आधी तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा आणि मशीन छातीजवळ आणू नका. अशा वेळी कारागिराला बोलावण्यात कमीपणा नाही.

इजा झालीच तर

*डोळ्यात नुसती धूळ, सिमेंट किंवा चुना गेला तर:* चोळू नका. लगेच वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान १५ ते २० मिनिटं धुवा, पापण्या उघड्या धरून. सिमेंट आणि चुना अल्कलीयुक्त असतात, ते डोळा भाजतात. इथे पहिली काही मिनिटं महत्त्वाची, म्हणून आधी पाणी, मग डॉक्टर.

*कपची किंवा धातूचा कण जोरात लागल्यासारखं वाटलं तर:* दाबू नका, काडीने, रुमालाच्या टोकाने किंवा जिभेने कण काढणाऱ्याकडे जाऊ नका. डोळ्यावर दाब न येईल असा कागदी कप उपडा ठेवून चिकटपट्टी लावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. 'ड्रिल मारताना लागलं' हे आवर्जून सांगा. या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते. दुखत नसलं तरी जा. डोळ्यात धातू असण्याची शंका असेल तर एमआरआय करायचा नसतो, हेही लक्षात असू द्या. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ड्रॉप आणू नका.

*हाताला बिट घुसलं तर:* ते आत रुतून बसलं असेल तर ओढून काढू नका. बॅटरी काढा, मशीन बिटापासून सोडवा आणि बिट तसंच ठेवून दवाखान्यात या. बिट रुतलेलं नसेल, तर स्वच्छ कापडाने सलग १० मिनिटं दाबून धरा, मध्ये मध्ये उघडून बघू नका. हळद, कॉफी पावडर काहीही भरू नका. ते धुऊन काढताना आमचा अर्धा तास जातो आणि तुम्हाला दुखतं ते वेगळंच. भोक बाहेरून लहान दिसतं, पण आत स्नायूबंध किंवा नस कापलेली असू शकते. बोट वाकत नसेल किंवा टोकाला बधिर वाटत असेल तर तातडीने दाखवा.

*धनुर्वाताचं इंजेक्शन:* दर सहा महिन्यांनी घ्यावं लागतं हा गैरसमज आहे. आधीचे डोस पूर्ण असतील आणि शेवटच्याला ५ वर्षं झाली नसतील, तर अशा जखमेलाही पुन्हा लागत नाही. पण आधीचं काहीच आठवत नसेल, तर तसं डॉक्टरांना सांगा. उपचार त्यावर ठरतात.

*शॉक बसला तर:* त्या माणसाला हात लावू नका, आधी मेन स्विच बंद करा. शुद्ध नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर छातीवर दाब देत सीपीआर सुरू करा आणि कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.

शेवटी, घरी येणाऱ्या कारागिराबद्दल

हा सगळा लेख तुमच्या दोन-चार भोकांबद्दल होता. पण फर्निचरवाला मुलगा, एसी बसवणारा, वायरमन, मॉड्युलर किचनवाला ही माणसं दिवसभर, वर्षभर हेच करतात. कानाची ती १५ मिनिटं त्यांची सकाळीच संपतात. फुफ्फुसाचा वर्षांचा हिशोब त्यांचाच आहे. आपल्या कायद्यात सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. पण तुमच्या हॉलमध्ये काम करणाऱ्या त्या मुलासाठी ना कारखाना आहे, ना तपासणी. चाळिशीत दम लागायला लागला की तो माझ्यासारख्याकडे येतो आणि मी त्याला कामाबद्दल विचारायला विसरलो, तर "सिगारेट सोड" एवढंच सांगून परत पाठवतो. तो सिगारेट ओढतच नसतो.

तो घरी आला की आपण त्याला पाणी विचारतो, चहा देतो. त्याबरोबर एक नवा एन-९५ मास्क आणि गॉगल पुढे करा. "साहेब, सवय नाही," असं म्हणेल. एकदा म्हणेल, दोनदा म्हणेल. "माझ्या घरात घालूनच काम करायचं, भाऊ," असं हसत पण ठामपणे सांगा. घालतात, हा माझा अनुभव आहे. एकाने तर जाताना विचारलं, "डॉक्टर, हा गॉगल नेऊ का?" तो त्याला दिलाच.

तेव्हा आज एवढंच करा. घरात ड्रिल असेल तर त्याची पेटी उघडा आणि बघा, आत गॉगल आहे का. नसेल, तर पुढचं भोक तो आल्यावर पाडा. पडद्याचा रॉड चार दिवस थांबू शकतो.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष इजा झाल्यास आपल्या डॉक्टरांना लगेच दाखवा.)